कोरियन राजवाड्याच्या सिरियलमध्ये लोकांना एवढं काय आवडतं?

प्रश्न असा आलाय: "आई गेले दोन महिने 'दे जांग गुम' नावाची जुनी कोरियन सिरियल बघतेय, ५४ भाग आहेत, मी मध्येच जाऊन बसतो तर सगळे माना खाली घालून चालतायत, एक बाई सूप ढवळतेय, दुसरी तिच्याकडे बघतेय, आणि आई डोळे पुसतेय. लढाई नाही, प्रेमप्रकरण म्हणावं तर तेही धड नाही. फॅन लोकांना यात नेमकं काय आवडतं?"

मी गेली १४ वर्षं कोरियनवरून सबटायटल्सचं काम करते, शिवाय कोरियन शिकवते, आणि माझ्या क्लासला येणाऱ्यांतले निम्मे तरी असल्या सिरियल बघूनच येतात, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. आणि हो, आईचं बरोबर आहे, सूप ढवळताना रडू येऊ शकतं.

आधी एक सीन सांगते. जांगगुम लहान आहे, आईवडील गेलेले, राजवाड्याच्या स्वयंपाकघरात नुकतीच लागलीय. तिला शिकवणारी बाई, हान सांगगुंग (सांगगुंग म्हणजे राजवाड्यातली वरच्या दर्जाची बाई), तिला म्हणते प्यायला पाणी आण. पोरगी आणते. नको, परत आण. गार आणते, कोमट आणते, पाण्यावर पान तरंगत ठेवून आणते, रोज तेच, रोज नापास. शेवटी पोरगी विचारते, पोट दुखतंय का आपलं, शौचाला साफ झाली का, घसा बसलाय का. आणि मग चिमूटभर मीठ घालून कोमट पाणी देते, सावकाश प्या म्हणते. कारण तिची आई असं विचारून मगच पाणी द्यायची. हान सांगगुंगला तेवढंच शिकवायचं होतं, की भांड्यात ओतलं की पाणीसुद्धा अन्नच होतं, आणि अन्न द्यायच्या आधी समोरच्या माणसाला विचारायचं असतं. बास. तलवार नाही, काही नाही. पण पुढे हीच मुलगी वैद्य होते ना, तेव्हा रोग्याला पहिला प्रश्न कसा विचारायचा ते तिला कुठून आलं हे बघणाऱ्याला आधीपासून माहीत असतं.

माझ्या मते या सिरियलींची सगळी मजा एका गोष्टीत आहे, ती म्हणजे नियम. तुम्हाला जे नुसतं माना खाली घालून चालणं दिसतंय तो नियम आहे, आणि आईला तो नियम आता पाठ झालाय. कोण कोणाच्या आधी बोलणार, कोणाच्या अंगावर कुठला रंग, कोण कुठल्या दारातून येणार हे पहिल्या १० भागांत डोक्यात बसतं, आणि एकदा बसलं की मग कोणी अर्धी पायरी चुकली तरी पोटात गोळा येतो. बाहेरच्या माणसाला काहीच घडताना दिसत नाही. क्रिकेट न कळणाऱ्याला टेस्ट मॅच दाखवली तर तो हेच म्हणेल की हे लोक उभे का आहेत.

आता थोडं मागचं. या प्रकाराला कोरियनमध्ये सागुक म्हणतात, म्हणजे इतिहासावरचं नाटक, आणि बहुतेक सागुक जोसॉन घराण्याच्या काळातले असतात, १३९२ ते १९१०, पाचशे वर्षांहून जास्त एकच घराणं. 'दे जांग गुम' एमबीसी चॅनलवर सप्टेंबर २००३ ते मार्च २००४ अशी चालली, दर सोमवार-मंगळवार, दिग्दर्शक ली ब्युंग-हून, लेखिका किम यॉंग-ह्यॉन, आणि जांगगुम झालीय ली यॉंग-ए. तिकडे पन्नास टक्क्यांच्या वर रेटिंग गेलं होतं, पुढे हॉंगकॉंग, इराण, श्रीलंका असं करत निम्मं जग फिरली, आपल्याकडे २००६ मध्ये दूरदर्शनवर हिंदी डब होऊन लागली होती. माझ्या क्लासमधल्या दोन काकूंना ती तेव्हाची आठवते, बाकी कोणाला नाही.

आणि कथा कुठून आली तर जवळजवळ कुठूनच नाही. जोसॉन राजांची रोजनिशीवजा बखर आहे, सिलॉक म्हणतात, १८९३ खंड, युनेस्कोच्या यादीत १९९७ पासून. त्यात जांगगुम हे नाव मोजून दहाएक वेळा येतं. १५१५ मध्ये राणी बाळंतपणानंतर वारली तेव्हा हिला शिक्षा करा अशी मागणी झाली, राजाने फार ताणलं नाही. आणि १५४४ मध्ये, राजा जुंगजोंग शेवटच्या आजारात असताना, दरबारी तब्येत विचारायला आले तर तो म्हणाला की माझ्या आजाराचं त्या वैद्य बाईला माहीत आहे. राजाच्या आजूबाजूला इतके पुरुष वैद्य असताना! तिचं गाव कुठलं, आईवडील कोण, मेली कधी, काही नोंद नाही. त्या एका वाक्यावर ५४ भाग उभे आहेत, स्वयंपाकघराचा अख्खा भाग तर लेखिकेच्या डोक्यातून आलाय. फॅन लोकांना हे सगळं माहीत असतं आणि तरी, किंवा त्यामुळेच, आवडतं. इतिहासाने एक ओळ सोडलीय आणि कोणीतरी विचारलंय की हिच्यावर राजाचा एवढा भरवसा बसला तरी कसा.

या सिलॉकचंच वेड लागलेले फॅन मी पाहिलेत. राजाला स्वतःच्या कारकिर्दीची नोंद वाचायची परवानगी नव्हती, बखरकार शेजारी बसून लिहित राहायचा. १४०४ मध्ये राजा थेजोंग शिकारीत घोड्यावरून पडला आणि उठल्या उठल्या म्हणाला, बखरकाराला कळू देऊ नका. हे वाक्य आपल्याला आज माहीत आहे कारण बखरकाराने तेसुद्धा लिहून ठेवलं :) आता असल्या देशात सिरियल लिहायची म्हणजे प्रेक्षक दुसऱ्या दिवशी मूळ नोंद काढून बघतात, सगळं आधुनिक कोरियनमध्ये ऑनलाइन फुकट आहे. मार्च २०२१ मध्ये एक सागुक दोन भागांनंतर कायमची बंद पडली, त्यात ह्याच थेजोंगला भलतंच दाखवलं होतं आणि जेवणाच्या टेबलावर चिनी पदार्थ मांडले होते, लोक इतके भडकले की जाहिरातदार पळाले. टेबलावरच्या पदार्थांवरून हं! म्हणून म्हणते, तुम्हाला जे सूप वाटतंय ते नुसतं सूप नाहीये.

आता माझ्या धंद्याकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे आणि इंग्रजी सबटायटल वाचणाऱ्याला ती अर्धी पण मिळत नाही.

कोरियनमध्ये प्रत्येक वाक्याच्या शेवटी पायरी लावलेली असते. क्रियापद कसं संपवलं त्यावरून कळतं की बोलणारा वर आहे की खाली, जवळचा आहे की परका. दरबारी कोरियन तर त्याहून चार जिने वर. राजाचा चेहरा म्हणजे 'ड्रॅगनमुख', राजाचं जेवण म्हणजे 'सुरा', साधा भात म्हणायचं नाही, आणि राजाच्या शौचाला 'मेह्वा' म्हणजे आलूबुखाराच्या झाडाचं फूल. खरंच. राजा स्वतःला म्हणतो 'ग्वाइन', म्हणजे सद्गुण कमी असलेला माणूस, आणि त्याच दमात समोरच्याचं मुंडकं उडवायचा हुकूम देतो. दरबारी सगळे एका सुरात वाकून "थोंगछोक हायो जुशीओप्सोसो" म्हणतात, म्हणजे कृपा करून विचार व्हावा, आणि ऐकायला इतकं नम्र असलेलं हे वाक्य प्रत्यक्षात चक्क धमकी असते, की आम्ही इथून हलणार नाही. दहाव्यांदा ऐकल्यावर फॅन लोक घरी जेवणाच्या ताटावरून हेच म्हणायला लागतात, माझ्याकडे पुरावे आहेत.

इंग्रजीत ह्या सगळ्याचं काय होतं? दोन ओळी, एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, आणि सगळ्याला 'युवर मॅजेस्टी'. मूळ शब्द 'जॉनहा' आहे, तो बादशहाला लावत नाहीत, राजाला लावतात, कारण जोसॉन चीनच्या बादशहाला मोठा मानायचं. बादशहाचा शब्द 'प्येहा'. १८९७ मध्ये राजा कोजोंगने स्वतःला सम्राट जाहीर केलं, त्याच सुमारास त्याला प्येहा म्हणायला लागले, म्हणजे त्या काळावरची सिरियल असेल तर पहिल्यांदा कोणी 'प्येहा' म्हणालं की कोरियन प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो आणि सबटायटलमध्ये आधीही मॅजेस्टी, नंतरही मॅजेस्टी. एका क्लायंटला मी हे समजावून सांगितलं तर उत्तर आलं, कन्सिस्टन्सी ठेवा. ठेवली.

मराठीत करायला मिळालं असतं तर काय मजा आली असती सांगू. आपल्याकडे तू आहे, तुम्ही आहे, आपण आहे, अरे-तुरे आहे, अहो-जाहो आहे, महाराज, सरकार, आईसाहेब सगळं तयार आहे. जांगगुमवर जीव असलेला मिन जॉंगहो उमराव घराण्यातला अधिकारी आणि ती खालच्या पायरीची, पुढे तर सरकारी गुलाम होते, तरी तो तिच्याशी अरे-तुरे करत नाही, शेवटपर्यंत नाही. मराठी कानाला हे लगेच कळेल. तुम्ही म्हणालात ना की प्रेमप्रकरण धड नाही, ते आहे हो, क्रियापदात आहे. हात धरायच्या ऐवजी तो आदरार्थी प्रत्यय लावतो आणि फॅन लोक खल्लास होतात.

एक शब्द मात्र मराठी माणसाला हसवतोच. राणीला 'जुंगजॉन मामा' म्हणतात. राजमातेला 'देबी मामा'. पहिल्या दिवशी क्लासमध्ये खसखस पिकते की राणी कोणाची मामा. पण त्याच शब्दाची दुसरी गोष्ट सांगते, ती मला फार आवडते. जुन्या कोरियात देवीच्या रोगाला, म्हणजे आपण ज्याला देवी आल्या म्हणायचो त्यालाही 'मामा'च म्हणायचे, राणीसाठीचाच शब्द, कारण रोगाची इतकी भीती की त्याचं नाव सुद्धा मानाने घ्यायचं. आपण देवी म्हणालो, ते सरकार म्हणाले. हे सांगितल्यावर क्लासमध्ये कोणी हसत नाही.

जेवणाबद्दल. आई सूपवर रडते त्यामागे बरंच काही आहे. लहान जांगगुमला एका पदार्थात गोडवा कशाचा आहे विचारतात, ती म्हणते पिकलेल्या पर्सिमनचा (टेंभुर्णीच्या जातीचं फळ, हल्ली आपल्याकडे जपानी फळ किंवा राम फळ म्हणून पण विकतात, चुकीचंच आहे ते). कशावरून म्हणतेस? तर पोरगी गोंधळून म्हणते, पर्सिमनची चव लागली म्हणून पर्सिमन म्हणाले, आता ते कशावरून ते काय सांगू. कोरियात हे वाक्य आजही लोक चेष्टेत वापरतात. आणि पुढे मोठेपणी हिचीच जिभेची चव जाते, तेव्हा हान सांगगुंग तिला सांगते की तुला चव मनात काढता येते, चित्र काढावं तशी, जीभ नसली तरी चालेल, आणि तिच्यावर विश्वास टाकून तिला चव न घेता रांधायला लावते. आमच्याकडे सोवळ्यात नैवेद्याचा स्वयंपाक चव न बघता करणाऱ्या आज्या होत्या, मीठ कधी चुकायचं नाही, त्यामुळे मला तरी तो सीन अजिबात अतिरंजित वाटला नाही.

पडद्यावर दिसतं ते अन्नही खोटं नाही. जोसॉन दरबाराच्या पाककलेला कोरियन सरकारने १९७१ मध्ये अमूर्त वारशाचा दर्जा दिला, दरबाराच्या शेवटच्या स्वयंपाकी बायकांपैकी हान हीसुन यांच्याकडून ती विद्या ह्वांग हेसॉंग यांच्याकडे आली, त्यांच्याकडून त्यांची मुलगी हान बोक-र्यॉ यांच्याकडे, आणि ह्या हान बोक-र्यॉंनी 'दे जांग गुम'मधल्या जेवणाचं काम बघितलंय. म्हणजे गुरु-शिष्यांची गोष्ट दाखवणाऱ्या सिरियलमागे खरीखुरी गुरु-शिष्यांची साखळी उभी होती.

पण सिरियलमधलं एक खोटं सांगून टाकते, कारण इथे कोणीतरी कमेंट करणारच. खऱ्या जोसॉन राजवाड्यात मोठ्या स्वयंपाकाचं काम बहुतांशी पुरुष आचारी करायचे. सिरियलमध्ये दाखवलंय तसं संपूर्ण बायकांचं राज्य नव्हतं. आणि दुसऱ्या अर्ध्यात, वैद्यकीचा भाग सुरू झाल्यावर, त्याच त्याच गोष्टी होतात, कट, आळ, चौकशी, सुटका, परत कट, तिथे मी स्वतः फोन बघते. खलनायक छ्वे घराण्यातल्या बायका सोडून बाकीचे कारस्थानी मिशीवाले तर एकसारखेच. ली ब्युंग-हून यांचा हा ठरलेला साचा आहे, आधीच्या 'हॉ जुन'मध्येही तोच, नंतरच्या 'डोंग यी'मध्येही तोच: तळागाळातलं हुशार पोर, कडक गुरु, परीक्षेमागून परीक्षा, हद्दपारी, परत येणं. फॅनना साचा माहीत असतो. कीर्तनाला जाणाऱ्याला आख्यान माहीत नसतं का?

साच्यात सुद्धा नियम कसा वापरलाय बघा, मला लेखिकेचं सगळ्यात जास्त कौतुक इथे वाटतं. हान सांगगुंगवर आणि जांगगुमवर खोटा आळ येतो, दोघींची रवानगी जेजू बेटावर, छळामुळे खचलेली हान सांगगुंग वाटेतच जांगगुमच्या पाठीवर प्राण सोडते (तुमची आई इथे पोचली असेल तर दोन दिवस तिला काही विचारू नका). जांगगुम गुलाम होते. राजवाड्याचं दार कायमचं बंद. पण जोसॉनमध्ये बायका परक्या पुरुषाला नाडी दाखवायच्या नाहीत, मरायच्या पण दाखवायच्या नाहीत, म्हणून १४०६ मध्ये बायकांना वैद्यकी शिकवायला सुरुवात झाली, आणि चांगल्या घरच्या मुली हे काम करणार नाहीत म्हणून शिकायला घ्यायच्या त्या सरकारी गुलाम मुली. म्हणजे तिला परत राजवाड्यात जायचं एकच दार उरतं, आणि त्या दारातून फक्त गुलामच आत जाऊ शकते! छ्वे घराण्यातल्या ज्या छ्वे सांगगुंगने तिला खाली ढकललं तिनेच नकळत दार उघडून दिलं. हे कोणी सांगत नाही सिरियलमध्ये मोठ्याने, पण नियम कळलेल्या माणसाला जेजूला वैद्य बाई भेटते तेव्हाच कळतं की आता काय होणार.

छ्वे सांगगुंगच्या भाचीबद्दल पण दोन शब्द, गुमयॉंग. हात जांगगुमइतकाच चांगला, मान ताठ, मिन जॉंगहोवर हिचाही जीव, पण घराण्याने कटात ओढलेली. पहिल्यांदा बघताना राग येतो, दुसऱ्यांदा बघताना तिच्याचसाठी जास्त वाईट वाटतं. माझ्या ओळखीतले जे लोक ही सिरियल तीन-चारदा बघतात ते हळूहळू गुमयॉंगच्या पार्टीत जातात, हे मी बऱ्याच जणांत पाहिलंय.

शेवट माहीत असूनही का बघतात असंही काही जण विचारतात. राजपुत्र सादोला १७६२ मध्ये त्याच्या बापाने, राजा यॉंगजोने, तांदळाच्या पेटीत कोंडून मारलं, हे कोरियातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. आणि तरी त्यावर पुन्हा पुन्हा सिरियल येतात, कारण त्याचा मुलगा जॉंगजो १७७६ मध्ये गादीवर बसला तेव्हा म्हणाला, मी सादोचा मुलगा आहे. ज्यांनी बापाला मारायला हातभार लावला ते समोर उभे होते. लोक त्या एका वाक्यासाठी थांबतात, ह्या वेळी हा नट ते कसं म्हणतो बघायला. 'द रेड स्लीव्ह' नावाची २०२१ ची सिरियल ह्याच जॉंगजोची आणि त्याला नकार देणाऱ्या दासीची. आणि तो नकार खरा आहे, ती १७८६ मध्ये वारल्यावर राजाने तिच्यासाठी स्वतः जो लेख लिहिला त्यात त्यानेच सांगितलंय की ही दोनदा नाही म्हणाली होती. राजाला नाही! फॅन मंडळींनी तो लेख शोधून वाचलाय, मी पण वाचलाय, रात्री दीड वाजता, दुसऱ्या दिवशी डेडलाइन असताना.

तर तुमच्यासाठी प्रॅक्टिकल सल्ला. मध्येच जाऊन बसू नका, त्याने काही होणार नाही. लहान जांगगुमचे सुरुवातीचे भाग आईबरोबर पहिल्यापासून बघा, ते स्किप करून मोठ्या जांगगुमवर उडी मारतात लोक, पण पाण्याचा सीन तिथेच आहे. हिंदी डब असला तरी निदान एक भाग मूळ कोरियनमध्ये ऐका, अर्थ कळला नाही तरी चालेल, फक्त वाक्यांचे शेवट ऐका, कोण लांब ओढतंय आणि कोण तोडतंय. सिरियलच्या गाण्याचा अर्थ मला विचारू नका, मुद्दाम जुन्या वळणाची भाषा वापरलीय, खुद्द कोरियन लोकांत त्यावरून वाद झालेत. आणि आईला विचारा की गुमयॉंगबद्दल तिचं काय मत आहे, मग मोबाइल बाजूला ठेवून बसा, कारण उत्तर अर्धा तास तरी चालेल.